तमिळमध्ये बोला, म्हणाले मास्तर

मी तंजावरची. आमचं घराणं तिथं किती पिढ्यांचं ते विचारू नका, आजोबांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शाळा पाचवीपर्यंत, मग लग्न, नवरा मद्रासला रेल्वेत कारकून, म्हणून एग्मोरला दोन खोल्यांत आले. मुलगी झाली, कावेरी. मग भांडणं. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, तसलं काही शोधू नका. त्यांना माझं तोंड सोसवेना, मला त्यांचं, एवढंच.

कावेरी सहा वर्षांची असताना त्यांनी कोर्टात अर्ज घातला. घटस्फोटाचा कायदा तेव्हा नवाच होता, आमच्यात कुणी केलेला नव्हता. त्यांना घटस्फोट पाहिजे आणि मुलगीही पाहिजे. मी म्हटलं, घटस्फोट घ्या, मुलगी देणार नाही. जज्ज म्हणाले, आधी कुणा वडीलधाऱ्यापुढं बसा, काही ठरतं का बघा. माझ्या भावानं नुंगंबाक्कमचे एक रिटायर हेडमास्तर गाठले, आपल्यातलेच.

काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी पोरीला मास्तरांच्या बायकोपाशी आत बसवलं आणि पाच मिनिटांत आमचा आरडाओरडा सुरू, तू माझ्या आईला काय म्हणालीस, तुमच्या आईनं माझ्या बाळंतपणात काय केलं, मेलेली माणसंसुद्धा ओढून आणली. मास्तर कॉफी पीत राहिले. संपल्यावर म्हणाले, उद्यापासून इथं तमिळमध्ये बोलायचं, मराठी बंद. हे म्हणाले, मास्तर, आपण काय परके आहोत? मास्तर म्हणाले, तेच व्हायचंय ना तुम्हाला, नाहीतर अर्ज कशाला घातला?

आणि जमलं की हो. तमिळमध्ये आम्ही भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी बोलणारे, एकमेकांशी त्या भाषेत कधी भांडलोच नव्हतो, त्यामुळं कुणाची आई, कुणाचं माहेर, सगळं मराठीतच राहिलं. शाळा कुठली, ताप आला तर कुणी बघायचं, दिवाळी कुणाकडे, एवढंच बोललो. चार बैठकांत ठरलं. मुलगी माझ्याकडे, शनिवारी दुपारी ते नेणार, रविवारी संध्याकाळी आणून सोडणार. कोर्टानं तेच मानलं. बाहेर आल्यावर त्यांनी तमिळमध्ये विचारलं, कॉफी घेणार का. आठ वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं. मी नको म्हटलं. रडू आलं नाही, काहीच आलं नाही.

मग दर शनिवारी दारात तमिळच. ताप नाही ना, वही घेतली का. पोर मध्ये उभी. मास्तरांकडे आत बसून तिनं सगळं ऐकलं होतं, ते आम्हां तिघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही. सहा महिन्यांत ती माझ्याशीही तमिळच बोलायला लागली. मी म्हटलं, अगं, घरात मराठी बोल. ती तमिळमध्ये म्हणाली, मराठी बोललं की भांडण होतं. मला वाटलं, लहान आहे, विसरेल.

नाही विसरली. तिचे वडील कधीच वारले. कावेरी मला चांगलं सांभाळते, औषध वेळेवर देते, जेवलीस का विचारते, सगळं तमिळमध्ये. या घरात मराठी मी एकटी बोलते, देवापुढं. आज तुमच्याशी बोलले. सुखी राहा. आता जेवून जा, कावेरी वाढेल. तुम्ही खुशाल मराठीत बोला, तिला सगळं कळतं. आवाज तेवढा चढवू नका.