कपाळाचं नाक

माजं नाव शिवव्वा. माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, घरात कानडी, बाजारात मराठी, आनि सासर हितं होटगीला. लिवा की ताई, पन आदी माज्या गोंदनाचं लिवा, न्हाय तर फुडचं काय कळायचं न्हाय तुमाला. मी सात-आठ वर्सांची आसताना गोंदनारीन आली, माजं डोकं धरायला माजा थोरला भाऊ अण्णा बसला, आनि पैली सुई टोचली की मी आशी बोंब ठोकली, आशी मान हिसडली, की अण्णाचा हात निसटला आनि कपाळाच्या मधी यायचा हिरवा ठिपका उजव्या अंगाला पार केसापाशी गेला. मला बघाया आल्या तवा सासूबाई म्हनल्या, पोरगी बरी हाय, पन ठिपका वाट चुकलाय. आमचं मालक मातूर त्यावर कदी एक शबुद बोललं न्हाईत. आमचं मालक म्हंजे काय सांगू तुमाला, घरात झुरळ निगालं तर मला हाक मारनारा मानूस.

तर दुष्काळ सरला, पाऊसपानी बरं झालं, म्हनून त्या वर्सी कारहुणवी दनक्यात केली. कारहुणवी म्हंजे बैलांचा सन. आमच्या बसव्याची शिंगं लालभडक रंगविली, टोकाला पितळी शेंब्या चडवल्या. मी ताट घिऊन वाकून पुरनपोळी भरवाया लागले, बसव्याच्या कानावर माशी बसली, त्यानं मान हलविली. बस, यवडंच झालं. शेंबीनं माज्या नाकाचा शेंडा आनि डावी नाकपुडी गेली, अण्णानं लग्नात दिलेली चमकी बी गेली. यव्वा! पदर लाल झाला तरी मला वाटलं ताटातलं कुकूच सांडलं. मागनं सगळ्यांनी गोठा धुंडाळला, तुकडा काय घावला न्हाय. सासूबाईंचा वहीम बसव्यावर, कारन तो पोळी खातच हुता.

सोलापूरच्या मोट्या दवाखान्यात नेलं, तर नाक नसलेली बाई बघून समद्यांच्या मनात एकच. पोलीस आला, खाटंपाशी बसला, म्हनला, नवऱ्यानं कापलं न्हवं? मी म्हनलं, बैलानं. तो म्हनला, भिऊ नगं, नाव सांग. म्या सांगितलं, बसव्या. मालक भाईर रडत हुते, ते तसंच उटले, होटगीला गेले आनि दुसऱ्या दिवशी बसव्याला चालवत, सात रस्त्यावरनं, मोटारी थांबवत, दवाखान्याच्या फाटकापाशी आनून हुबा केला. पोलिसानं शिंगाला हात लावला, हात लाल झाला, तो वरडला, रगत! मालक म्हनले, सायेब, रंग हाय. त्यानं वास घेतला, मग शेंबीचं टोक बोटानं चाचपलं, तवा कुटं पटलं त्याला.

पोलिसाला पटलं, पन अण्णाला न्हाय पटलं. खाटंच्या पायथ्याला हुबा ऱ्हायला, म्हनला, बैल म्हनं! खरं बोल शिवव्वा, तुला घिऊन जातो आनि त्या मानसाचं तोंड जल्मात बघत न्हाय. मी लई सांगितलं. तो गेला तो गेलाच. ताई, नाक गेलं त्याचं दुक येगळं, पन माज्या देवमानसावर आळ आला आनि त्यो बी माज्याच भावानं घेतला, हे मला लई लागलं.

डाक्टर मातूर ग्वाड. मोडलेली तोंडं, जबडं नीट करनारा. म्हनला, बरगडीजवळचं मऊ हाड आत घालू, वरचं कातडं कपाळाचं घिऊ. कागद कापला, बिलावजाचं माप घेत्यात तसा नाकावर बेतला, मग कपाळावर ठिवला, पेनानं रेघ मारली. ठिपका बरुब्बर रेघंच्या आत. म्हनला, हा टाळायचा का? मग त्यानं कागद फिरवून परत नाकावर ठिवला, तर उजव्याचं डावं झालं, आनि ठिपका आला कुटं? डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या जागंवर! नव्या नाकाला भोक पाडता येनार न्हाय म्हनला हुता. मी म्हनलं, डाक्टरसायेब, असू द्या त्यो ठिपका, भोक पाडायचं कामच न्हाय.

आप्रेशन झालं, पन कपाळाचं कातडं पुरतं तोडलं न्हवतं; तीन आटवडं त्याचा देठ भुवयांतनं नाकावर लोंबत हुता, तेवड्यावर नव्या नाकाचा जीव. वार्डातल्या बाया म्हनायच्या, गनपती आला. आनि गंमत आयका, नाकावर माशी बसली की मला कपाळावर बसल्यागत वाटायचं, मी फाडकन कपाळावर मारून घ्यायची, जखमंवरच! माशी हितं बसलेली आनि मी तितं बोंबलतीया. मग देठ कापला, आनि कपाळाला मांडीचं कातडं लावलेलं हुतं ते बी धरलं.

घरी आल्यावर सासूबाईंना येगळाच घोर. म्हनल्या, कुकू लावायचं कुटं? कपाळावर मांडी हाय, आनि खरं कपाळ नाकावर. इभूती तर मांडीला कशी लावायची, देव काय म्हनंल? तीन दिस इचार केला आनि म्हनल्या, दोनीकडं लाव, उगं संशय नगो. चार दिस मी नाकाला इभूती लावून हिंडले, मग शिंकाच ऱ्हाईनात, तवा सोडलं.

फुडच्या कारहुणवीला अण्णाला सांगावा धाडला, निदान नाक तरी बघून जा. आला. मालकांकडं बघितलं बी न्हाय. माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायला, ठिपक्यावर बोट ठिवलं, म्हनला, हा माज्या हातनं निसटलेला न्हवं? मी म्हनलं, व्हय, आनि आता त्याच्या जागंवर बसलाय. मग ताट त्याच्या हातात दिलं, म्हनलं, अण्णा, ह्या वर्सी बसव्याला तू भरव.

त्यानं वाकून पोळी फुडं केली, आनि माशी काय, ती हायेच की. बसव्यानं मान हलविली. शेंबी अण्णाच्या मिशीला घासून गेली. अण्णानं दोनी हातांनी नाक धरलं, मागं उडी मारली आनि शेनाच्या पाटीत बसला. मालक पळत गेले, त्याचे हात बाजूला करून म्हनाया लागले, अण्णा, नाक हाय का? दावा मला, हाय का? अण्णा पाटीतच रडाया लागला, म्हनला, दाजी, चुकलं माजं. मालक म्हनले, उटा आदी, शेन सुकलं तर निगायचं न्हाय.

आता बसव्या म्हातारा झालाय. शेंब्या कवाच काडून टाकल्या, नाक पावसाळ्यात जरा ठनकतं, बाकी ब्येस हाय. अण्णा दर कारहुणवीला येतो, पोळी भरवायचा मान त्याचाच. लांब काटीच्या टोकाला बांधून भरवतो, आनि मालक मागनं त्याचं धोतर धरून हुबे ऱ्हात्यात. बसवान्ना देव त्या दोगांची नाकं शाबूत ठिवो.