दादाच्या घड्याळाचं झाकण

आमचा दादा हातातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं काहून ठेवायचा? मी लहानपणापासून विचारलं, त्यानं कधी सांगितलं नाही. आता तोच गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं घड्याळही बंद पडलं. आई म्हणाली, "तेरवीले ते फोटोजवळ चालू पाहिजे."

मी अकोल्यात ट्रकची इंजिनं उघडतो, घड्याळाची काय कथा! सेल बदलायला मागून स्क्रूड्रायव्हर घातला, तो सटकून माझ्याच अंगठ्यात घुसला.

शेवटी घराजवळ राजापेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. ओरखडे पाहून ते म्हणाले, "हे कोणं केलं?"

"मी. झाकण लय घट्ट आहे."

"अबे, घट्ट कायचं? याले मागून झाकणच नाही! सारी डबी एकाच तुकड्याची. उघडायचं तर समोरून, काच काढून."

"मंग काच काढा, सेल टाका."

"सेलही नाही याले. हात हलला की याले चावी बसते, मंग काढलं तरी एक-दोन दिवस चालते. हातात बांध, काढू नको."

त्यांनी बरोबर वेळ लावून माझ्या डाव्या हातात बांधलं.

तेरवीच्या पंगतीत मी डाव्या हातानं वरण वाढायला लागलो. मामा खेकसले, "अबे, डाव्या हातानं वाढते का कोणी?"

"मामा, घड्याळ त्याच हातात आहे!"

सारी पंगत वाढून झाली, तरी घड्याळ चालूच होतं. मग ते काढलं, दहा मिनिटं पुढं केलं आणि दादाच्या फोटोजवळ ठेवलं.