केमिस्ट्रीच्या आदल्या रात्री

(ठाणे, नौपाडा. मेडिकलला बारावीच्या मार्कांवरच प्रवेश मिळत असे, त्या काळातल्या जानेवारीतल्या एका रविवारची दुपार. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या वासंतीबाईंचं घर. बाळकुमची कोळीण भागीरथी बाजार आटपून, रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून आत आली आहे. सोबत तिची मुलगी शेवंती.)

भागीरथी : बाकीचं र्‍हावं द्या बाई. मना एकच सांगा. ही नापास झाली ना?

वासंती : नाही हो. मघापासून तेच सांगतेय मी. बारावी पास झाली आहे ती.

भागीरथी : मंग पास झालेलं मानूस परत परीक्षेला कनाला बसंल? शिजलेला भात कोन परत शिजवतं काय?

शेवंती : आये, मेडिकलला नुसतं पास होऊन भागत नाय. मार्क लागतात. अर्ज केलेला ना आपण? यादीत नाव नाय आलं. आता परत परीक्षा द्यायची, मार्क वाढवायचे, परत अर्ज टाकायचा.

भागीरथी : तू गप. तुना नाय इचारलं. बाईंना इचारतंय.

वासंती : ती बरोबर बोलतेय. फिजिक्स आणि बायोलॉजी, दोन्हीत ऐंशीच्या वर आहे ती. केमिस्ट्रीत मात्र त्रेचाळीस. मेडिकलवाले तिन्ही विषयांची बेरीज बघतात. ती तिथे घसरली.

भागीरथी : म्हंजे केमिस्टरीत नापास.

वासंती : पस्तीसला पास असतं, भागीरथीबाई.

भागीरथी : आमची शेजारची ठमाबाय बोलते, नापास पोरी घरात असंच सांगतान. यादी, बेरीज, न काय काय. आंबिवलीवरून सोयरीक आयलेय हिला. पोराच्या बापानं, सहदेवनी, माज्या तोंडावर इचारलं, पोर पास का नापास? मी बोलले पास. तर त्यो हसला. बोलला, पास हाय तं परत पुस्तकं कनाला घेतलीन?

शेवंती : त्याला काय कळतंय त्यातलं?

भागीरथी : मना तरी काय कलतंय? म्हनून तं आयले इथं. बरं, परत बसते बोलली, तं मी बोलले बस. घरात बसून शिक. पन आता ही काय बोलते म्हाईत हाय बाई? मार्चात तुमच्याकडं र्‍हाते. ऐन शिमग्यात. आमच्यात लगीन झालेल्या पोरी शिमग्याला सासरवरून माहेराला पलत येतान. न ही कुवारी पोर गावातून बाहेर पलते. कोन हाय ठान्यात हिचा?

शेवंती : कोण नाय.

भागीरथी : बगलं बाई? खाली बगून बोलली.

शेवंती : बाईंच्या समोर असं विचारतेस, तर वर बघून कशी बोलू?

वासंती : शेवंती, आईनं विषय काढलाच आहे, तर मलाही तुला एक विचारायचंय. निकाल लागल्यापासून मनात होतं. तेव्हा विचारलं नाही. आता तू माझ्या घरात राहायचं म्हणतेस, तेव्हा विचारलंच पाहिजे.

शेवंती : विचारा ना बाई.

वासंती : केमिस्ट्रीच्या पेपरला तुमच्या वर्गावर त्र्यंबक सर होते. नंतर स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले, तुमची ती बाळकुमची हुशार मुलगी पेपरात डुलत होती. डोळे लालबुंद. जवळ गेलो तर कसला तरी वास येत होता. दोनदा टेबल वाजवलं तेव्हा जागी झाली.

शेवंती : सरांनी सांगितलं तुम्हाला?

वासंती : हो. खरं सांग. घेतली होतीस का त्या दिवशी?

भागीरथी : काय घेतली व्हती?

वासंती : हे बघा, शिमग्याचे दिवस होते. तुमच्याकडे चालतं, असं ऐकून आहे. म्हणून विचारलं.

भागीरथी : चालतं. बापयांना चालतं. माजी पोर? मासलीचा वास आयला का दारूचाबी लगेच येतो तुमाला?

वासंती : तसं नाही म्हणाले मी.

भागीरथी : तसंच बोलल्या. मी हिला कोनचा पोर हाय इचारलं तं माजी पोर हाय, मी इचारीन. तुमी हिला दारूडी बोलल्या. चल गो शेवंते, ऊठ.

शेवंती : आये, बस. बाई, मी नाय प्यायलेली. धूर होता तो. केसांत भरलेला, डोळ्यांतपण. होळीचा धूर.

वासंती : होळीचा?

शेवंती : हो.

वासंती : शेवंती, केमिस्ट्रीचा पेपर पौर्णिमेला होता. मला नीट आठवतंय, मी सकाळी पुरणाची डाळ भिजत घालून कॉलेजला गेले होते. होळी पेटणार त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी धुळवडीची सुट्टी. बोर्ड सुट्टी बघूनच तारखा लावतं. मग पेपरच्या सकाळी, होळी पेटायच्या आधीच, तुझ्या केसांत होळीचा धूर कुठून आला?

शेवंती : ते... बाई, ते सांगून तुम्हाला खोटं वाटेल.

वासंती : वाटतंच आहे. निदान मला वेडी तरी समजू नकोस.

भागीरथी : खोटं नाय ते.

वासंती : भागीरथीबाई, पोटच्या मुलीची बाजू घेणार तुम्ही, कळतं मला. पण पंचांग काही—

भागीरथी : पंचांग तुमचं. आमची होली आदल्या राती असते. तुमची पुनवेला, तं आमची त्याच्या एक दिस आदी. वारवडिलांपासून कोलीवार्‍यात असंच हाय. तुमची पेटते तवा आमची राख झालेली असते.

वासंती : आदल्या रात्री? मला खरंच माहीत नव्हतं.

भागीरथी : तुमच्या बोर्डालाबी नसंल. शेवंते, थांब. म्हंजे त्याच सकाली पेपर व्हता तुजा?

शेवंती : हो.

भागीरथी : राती मडकं घेतलंस न सकाली पेपर?

शेवंती : हो, आये.

वासंती : मडकं म्हणजे?

शेवंती : होळीला गावातलं पहिलं मडकं आमच्या घरातून निघतं बाई. मान आहे आमचा. घरातल्या कुवाऱ्या मुलीनं ते डोक्यावर घेऊन होळीला फेरे घालायचे. ते उतरलं की मग नाच. पहिलं मडकं ज्या घरचं, त्या घरची पोर मधून उठत नाय. उजाडेपर्यंत.

भागीरथी : मना का नाय बोललीस?

शेवंती : बोललेली. चुलीपाशी आलेली मी. तू भाकऱ्या टाकत होतीस. तू बोललीस, पेपर सकाळी हाय ना, मग रातचं काय?

भागीरथी : मी बोलले असं?

शेवंती : हो. उजाडल्यावर तोंड धुतलं, कपडे बदलले न बस पकडली. केस धुवायला वेळ नव्हता. पहिले दोन प्रश्न बरे लिहिले. मग समीकरण लिहिता लिहिता डोळा लागला. सरांनी टेबल वाजवलं तेव्हा बाजूची मुलगी पुरवणी बांधत होती.

भागीरथी : मंग निकाल लागल्यावं तरी सांगायचंस.

शेवंती : काय सांगू? होळीमुळं मार्क गेले? आजी बोलली असती, होळीमायला दोष देते. न तुला वाटलं असतं, मी तुला दोष देते.

भागीरथी : देतेस कं?

शेवंती : आता बाईंच्या समोर कशाला ते?

भागीरथी : दे उत्तर. बाई परक्या नाय आता.

शेवंती : देते. थोडा. रोज नाय. पण पुस्तक उघडते तेव्हा येतो राग. मी ढ असते तर गप बसले असते ना आये. आंबिवलीला गेले असते. पण मी ढ नाय. एका सकाळीनं मी ढ नाय झाली.

वासंती : शेवंती, माझं चुकलं. सरांचं ऐकलं आणि मनात धरून बसले. इतके महिने तुला शिकवलं, तरी दर रविवारी तू आत आलीस की आधी तुझे डोळे बघायचे मी. लाज वाटते आता.

शेवंती : मला वाटायचं, तुम्ही माझी तब्येत बघता.

भागीरथी : र्‍हावं दे. दोघींनी बगितलं तुज्याकडं, पन दोघींना दिसलं नाय. बाई, औंदाचा पेपर कवा हाय?

वासंती : वेळापत्रक परवाच लागलं. केमिस्ट्री यंदा आधी होऊन जाते. पण पौर्णिमेच्या सकाळी फिजिक्स आहे.

भागीरथी : म्हंजे परत तसंच.

शेवंती : म्हणून तर बाईंकडे र्‍हाते बोलले. गावात असले न मडकं नाय घेतलं, असं होणार आहे का?

भागीरथी : नक्की दुसरं कोन नाय ना?

शेवंती : आये.

भागीरथी : बरं बरं. इचारलं.

वासंती : मी येऊ का बाळकुमला? तुमच्या सासूबाईंना, गावातल्या मोठ्या माणसांना समजावून सांगते. परीक्षा आहे, वर्षाचा प्रश्न आहे, एक वर्ष मडकं दुसऱ्या मुलीनं घ्यावं. शिकलेल्या माणसानं सांगितलं तर ऐकतील.

भागीरथी : नको बाई. परीक्षेचं कारन गावात चालायचं नाय. मनाच आता पटलं, तेबी तुमच्याशी भांडून. ठमाबाय बोलंल, नापास पोरीच्या परीक्षेसाठी मान सोडला. न एकदा मान दुसऱ्याच्या घरात जेला, का परत येत नाय.

शेवंती : मग राहू दे आये. मी घेते मडकं. संध्याकाळी जरा झोपून घेईन.

भागीरथी : ढोल वाजतान तवा कोन झोपतं? तू इथंच र्‍हायचंस. तुज्या काकाची पोर हाय ना घरात, तीबी आपल्याच घरची. तिच्या डोक्यावर मडकं ठेवीन. मान घरात र्‍हाईल.

शेवंती : न आजीनं विचारलं, शेवंती असताना तिला का? तर?

भागीरथी : होलीमायला मी खरं काय ते सांगीन. हात जोडून सांगीन, पोरीला यंदा सोड. ती आई हाय, तिला कलंल. गावाला येगलं सांगीन.

वासंती : काय सांगाल?

भागीरथी : सांगीन, पोर बाहेर बसलीय. मंग मडक्याला हात लाव, असं कोन बोलनार नाय. सासूबी नाय न ठमाबायबी नाय. त्याच्या पुढं कोन काय इचारतच नाय.

वासंती : अहो, पण ते खोटंच की.

भागीरथी : खोटं कसं बाई? बालकुमच्या बाहेर, तुमच्या घरात, पुस्तक घेऊन बसलेली असंल ना ती?