डावखुरी गाठ

रमजाननंतर येणाऱ्या शव्वाल महिन्यातील एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या नेत्ररुग्णालयात निवृत्त ग्रंथपाल फिक्री आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर बयूमी हा वृद्ध नावाडी आपल्या बायकोला काठीच्या मुठीभोवती नायलॉनच्या दोरीची नक्षीदार गाठ गुंफायला शिकवत होता. त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि उजवे मनगट प्लास्टरमध्ये होते. फिक्रींना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"वरून, मग खालून. किती वेळा सांगू, नफीसा?"

"चार वेळा सोडायला लावलीत. बोटं सोलली माझी."

"बोडक्या मुठीची काठी भिकाऱ्याच्या हातात शोभते. गाठीशिवाय मी धरणार नाही."

"नाही धरलीत, म्हणूनच जिन्यावरून पडलात ना! आज काठीशिवाय निघालात तर मी भावाकडे जाईन."

"तो तर कबरीत आहे."

"निदान चुका तरी काढत नाही. घ्या, झाली. बघा."

"बघू कशानं? आण इकडे. अगं, ही तर उलटी फिरलीय!"

"मी डावखुरी आहे. पंचेचाळीस वर्षांत एवढंही कळलं नाही?"

"मशिदीच्या दाराशी इतक्या काठ्या असतात. सगळ्यांच्या गाठी मीच बांधल्यात. एकही अशी नाही."

"मग सोडू पुन्हा?"

बयूमी डाव्या अंगठ्याने गाठ चाचपत राहिला. तेवढ्यात त्याचा क्रमांक पुकारला गेला. काठी टेकून तो उठला.

"राहू दे. उलटी आहे, पण एवढी एकच माझ्या हाताला ओळखू येईल."