रोजची गोळी

मागच्या बाकावरची कुजबुज शेवडे मास्तरांना आयुष्यभर ऐकू येत आली. ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या रांगेतही आलीच.

“पूर्णिमा, भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं तर कोणतीच गोळी चालू नाही म्हणायचं.”

“आई, फिटची गोळी रोज घेते मी. ती पाहून त्या भुलीचा डोस ठरवतात.”

“लग्न जमवताना लपवली, आणि आता सासूबाईंसमोर बोलणार?”

“टेबलावरच फिट आली तर?”

“शुभ बोल. पथरीचं तर आहे, बिलकुल छोटं ऑपरेशन.”

“लग्नापासून बाथरूममध्ये लपून गिळतेय मी.”

“हळू! त्या आल्या.”

“काय विहीणबाई, पोरगी घाबरली का?”

“छे हो! तिला कसली भीती?”

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “पूर्णिमाजी, कोई दवाई चालू है?”

“नाही जी, काहीच नाही,” आईच बोलली.

“आहे,” पूर्णिमा म्हणाली. “फिटची. बारावीपासून.”

“अच्छा किया बता दिया. अंदर आइए.”

“बारावीपासून?” सासूबाईंनी एवढंच विचारलं. हातातली सुनेची पर्स विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली आणि त्या जिन्याकडे चालू लागल्या.

मास्तरांच्या मागे आई लेकीला म्हणत होती, “वाचशील गं आता. पण जाशील कुठे?”