लाल दिवा लागला तर

न्हाई न्हाई साहेब, पुढचं झाकन कशाला उघडताय — तिथं नुसती डिकी हाय, इंजिन मागं! ह्या गाडीला सगळेच फसतात. आमच्या बेलापुरात पन लोक विचारायचे, बाबाजान मिस्त्री, हिच्यात पानी कुठून घालायचं? अरे, घालायचंच न्हाई! रेडिएटरच न्हाई हिला. मागं पंखा फिरतो, वारा लागतो, इंजिन गार. साखर कारखान्यात मशिनी बसवायला एक जर्मन इंजिनेर आलता, त्यो सोडून गेला हिला. कोंबड्या अंडी घालायच्या हिच्या शिटावर. मी चालता टेम्पो देऊन घेतली — फरीदा, म्हंजे आमची मंडळी, आठ दिस बोलली न्हाई. मी आनि रमीजनं, आमच्या पोरानं, दोन वर्षं हिच्याखाली पाठी घासल्या. सुरू झाली तवा आख्खी गल्ली गोळा झालती.

घाई करतो असं नका समजू, पन चारच्या आत न्या. मायलेकरं नगरला गेलीत, चारच्या एसटीनं येतील. व्हय — माहीत न्हाई त्यांना. पन कागदावर नाव माझंच हाय, ती काळजी नका करू.

बसा की. हा लाल दिवा बघा, ह्यो महत्त्वाचा. बेल्ट तुटला की लागतो. बेल्ट तुटला म्हंजे पंखा बंद — पान्याची गाडी थोडी तरी जाईल, ही न्हाई. दिवा लागला की जाग्यावर थांबायचं, एक चाकभर पुढं न्हाई. रमीजला शंभरदा बजावलंय मी — असशील तिथं थांब, इंजिन गेलं तर परत मिळायचं न्हाई. आता बेल्ट नवा हाय, पुण्याहून आनलाय, वरिजनल. आधीचा? आधीचा… चारा कापायच्या कडबाकुट्टी मशिनीचा हुता. मापात बसला, म्या बसवला. चालला की चार म्हैने!

मागच्या झाकनाचा रंग? कुठं वेगळा हाय… हाय जरा. बदललंय त्ये. गेल्या गळिताच्या टायमाला ठोकर लागली. उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरलेल्या — त्याला ब्रेक कुठं लागतोय? न्हाई, गाडी चालत नव्हती, उभी हुती. रस्त्यावरच. भर दुपारी. दिवा लागला म्हनून थांबवली ना रमीजनं — बाजूला घ्यायला दहा पावलं लागली असती, तेवढी पन न्हाई घेतली, जाग्यावर थांबला. बापानं सांगितलं हुतं. दुसरी गाडी असती तर बॉनेट उघडून पुढं उभा ऱ्हायला असता, वाचला असता. हिचं इंजिन मागं. रस्त्याकडं पाठ करून वाकला हुता पोरगा.

इंजिनला खरचटलं पन न्हाई. पाय मधी आला ना. डावा — क्लचचा.

आज नगरला पाय बसवतायत त्याला, नकली. रोज कुबड्या टेकत यायचा, हिच्यात बसायचा. म्हनतो, अब्बा, पाय बसला की पयला हिचाच क्लच दाबनार. हसत म्हनतो हो! एकदा तरी म्हनावं — अब्बा, तुमच्यामुळं झालं. शिव्या द्याव्यात. न्हाई देत. मला सोसत न्हाई त्याचं त्ये हसनं, म्हनून विकतोय. त्याच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. घरी आला की जागा मोकळी बघंल… बघू द्या. मग तरी दील शिव्या.

नका बोलू काय. चावी धरा. आनि मगाशी सांगितलं त्ये खोटं हाय, ध्यानात ठेवू नका. लाल दिवा लागला तर आधी गाडी रस्त्याच्या खाली घ्या. चारीत घाला, उसात घाला, कुठं बी घाला. इंजिन जळू द्या. जळू द्या साहेब, लोखंड हाय त्ये.

निघा आता. एसटीचा टाइम झाला.