रिकाम्या ठोक्यानंतरचा घण

मी, रावजी मल्हारी घोडके, वय अंदाजे ३५ वर्षे, धंदा लोहारकामावर घण मारणे, राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी बायको केराबाई, आई आणि दोन मुली यांच्यासह राहतो. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात राजेसाब मकदूम शिकलगार यांची भट्टी आहे. तिथे मी लग्नाआधीपासून कामाला आहे. राजेसाब यांना मी चाचा म्हणतो.

एकाहत्तरच्या लढाईनंतर भंगारवाल्याकडून आम्हाला मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या ट्रकांचे पाटे मिळू लागले. पाटे म्हणजे चाकांवरच्या कमानीच्या पोलादी पट्ट्या. त्यांचे आम्ही चाकू आणि सुऱ्या करतो. खाटीक, आचारी लांबून घ्यायला येतात. हे पोलाद हट्टी आहे. तांबडं असेल तोवर ऐकतं. निवल्यावर घण मारला तर पाटा तरी तडकतो, नाहीतर माणूस तरी.

काम चालू असताना आम्ही बोलत नाही. चाचा डाव्या हाताने सांडशीत पातं धरतात. उजव्या हातातली हातोडी ते जिथे टेकवतील तिथे मी घण मारायचा. थांबवायचं असेल तेव्हा ते हातोडी पात्यावर न मारता शेजारी ऐरणीवर मारतात. त्याला आम्ही रिकामा ठोका म्हणतो. त्यानंतर घण खाली येत नाही, ही भट्टीची रीत आहे. कारण रिकामा ठोका देऊन चाचा सांडशी जवळून धरतात आणि वाकून पातं उलटं करतात. त्या वेळी त्यांचा हात ऐरणीवर असतो.

मंगळवारी दुपारी बार्शीचे आचारी महादेवप्पा चाकू घ्यायला आले होते. आमच्या चाकूंवर चंद्रकोरीचा छाप असतो, तो चाचांचा. माझ्या मनात बरेच दिवस एक होतं. गिऱ्हाईक खूश दिसलं म्हणून धीर करून म्हणालो, "चाचा, चंद्रकोरीखाली माझीबी कायतरी खूण असू द्या की. नुसतं टिंब मारलं तरी चालंल." चाचा हसले. म्हणाले, "घण मारनाऱ्याला कोन विचारतंय रे? उद्या बैल बी म्हनंल, ज्वारीच्या पोत्यावर माझं नाव घाला." महादेवप्पाही पोट धरून हसले. चाचा अशी थट्टा रोज करत, मीही त्यांची करायचो. त्या दिवशी ती झोंबली.

मग आम्ही पुढचं पातं घेतलं. मी रोजच्यापेक्षा जोरात मारत होतो. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि रिकामा ठोका दिला.

तो मला ऐकू आला. घण वर होता, थांबवता येत होता. बैलाला कुठलं कळतंय, असं मनात आलं आणि मी घण खाली आणला. चाचांना मारायचं मनात नव्हतं. एक घाव जास्त घालून त्यांचं पातं बिघडवायचं, एवढंच होतं. हात तिथे येणार हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.

मी आणि महादेवप्पांनी त्यांना टांग्यातून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. वाटेत चाचा मला म्हणाले, "भट्टीत दुसरा पाटा हाय, जळून जाईल. तू जा मागं." मी गेलो नाही. डॉक्टरांनी डावा अंगठा आणि शेजारचं बोट काढून टाकलं. सांडशी आता त्यांच्या हातात बसणार नाही.

चाचांचे मेहुणे दस्तगीर यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, की मी रागाने मुद्दाम हात मोडला. चाचांचा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात असं आहे की, रिकामा ठोका द्यायला मीच विसरलो, रावजीचा दोष नाही, माझी तक्रार नाही. खाली उजव्या अंगठ्याचा ठसा आहे. हवालदार म्हणाले, "तूबी तेच सांग अन् घरला जा. हात दाखवून अवलक्षण कशाला?" केराबाई ठाण्याच्या दारात रडत होती. म्हणाली, "पोरींकडं बगा की. ज्याचा हात गेला त्यो न्हाय म्हनतोय, मग तुमीच कशाला व्हय म्हनताय?"

तिचं बरोबर आहे. पण चाचा रिकामा ठोका द्यायला कधीही विसरलेले नाहीत. त्यांचा हात मी घालवला. वर त्यांना रीत कळत नव्हती असं सरकारी कागदावर राहिलं, तर त्यांच्याकडे उरलं काय? मला फार वाईट वाटतं. त्यांच्यासमोर जायला तोंड नाही, म्हणून ते इथे सांगितलं.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात "चुकून घण पडला" असं लिहिलेलं होतं. ते त्यांनी माझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं. मी "चुकून" खोडायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी डावा अंगठा, रावजी मल्हारी घोडके.